आई म्हणते ठणठणीत, रिपोर्ट म्हणतो अकरा ठिकाणी लाल. खरं कोणाचं धरायचं?

सॅटिसखालचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

तर झालं असं, आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात दरवर्षी हेल्थ कॅम्प लागतो. यंदा त्याला अ‍ॅप जोडलंय. पावलं, झोप, वजन, रक्ताचे रिपोर्ट सगळं त्यात जातं आणि बाहेर एकच आकडा येतो, वेलनेस स्कोअर. माझा आला १०० पैकी ५८, रंग पिवळा. शेजारी बसणाऱ्या मित्राचा ८१, हिरवा. हा गडी रोज जेवण झालं की खाली टपरीवर दोन सिगरेटी ओढतो, फक्त फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. असो.

त्याच पॅकेजमधे घरातल्या एकाची तपासणी फुकट होती, ८४ टेस्ट. बायको म्हणाली आईंची करून घेऊ. आई ७१ वर्षांची, चाळीस वर्षं नौपाड्यात काढली, आता सहा वर्षं आमच्याकडे मानपाड्याला. तिचं आधी सुरू, "मला काय धाड भरलीय, मी ठणठणीत आहे." मग फुकट आहे म्हटल्यावर तयार झाली (घराणंच तसं आमचं). सकाळी साडेसहाला पोरगा येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाईलवर १७ पानी पीडीएफ. अकरा ठिकाणी लाल. पहिल्याच पानावर भल्या मोठ्या अक्षरात एचबीए१सी (तो साखरेचा आकडा) ६.१, प्री-डायबेटिक, आणि खाली 'डाएटिशियनशी बोला' असं बटण. त्या दिवसापासून बायकोने आईचा चहा बिनसाखरेचा केलाय आणि घरात दोघी माझ्यामार्फत बोलतायत.

आता बघा, आई पहाटे पाचला उठते, पूजा, भाजी निवडणं, नातवाचा डबा, सगळं तिच्या हातचं. मी ४४ चा, लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुलूप उघडेपर्यंत धापा टाकतो. पण मी पिवळा आणि ती लाल. मग हे लोक मोजतात तरी काय? 'तब्येत कशी आहे' या प्रश्नाचं खरं उत्तर कोण देणार, माणूस स्वतः, मशीन की डॉक्टर?

पारसिक_बोगदा

पहिला!
आमच्याकडे साधा हिशोब. कर्जतहून भरून आलेल्या फास्टमधे सकाळी ठाण्याला चढता आलं तर फिट. चढून पिशवी पण आत आली तर सुपरफिट.

उपवन_पहाटे

धागाकर्ते, गंमत राहू द्या, पण "मला बरं वाटतंय" हा पुरावा धरू नका, हे हात जोडून सांगतो.

मी ५३ चा असताना बँकेत एक फॉर्म भरायचा होता म्हणून प्रेशर मोजलं, १७८/११०. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नाही, उपवनला रोज तीन फेऱ्या मारत होतो आणि मित्रांना तब्येतीवर भाषणं देत होतो. डॉक्टरने तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तेवढंच. गोळी सुरू झाली, आज १४ वर्षं झाली. आमचे थोरले दादा मात्र "मला काही होत नाही" गटातले. ६१ व्या वर्षी सकाळी दाढी करताना उजवा हात पडला. नंतर अकरा वर्षं जगले, पण वहिनींना विचारा कसे. प्रेशर आवाज करत नाही हो. त्याला आकडाच लागतो. मला १०० पैकी स्कोअर देणाऱ्या अ‍ॅपचा राग नाही, राग आहे तो कौतुकाने "आम्ही कधी डॉक्टरची पायरी चढलो नाही" सांगणाऱ्यांचा.

नलू_नेरुळ

@उपवन_पहाटे काका, +१. दादांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पण मूळ प्रश्न मोजण्याच्या आधीचा आहे ना, की आरोग्य म्हणजे काय. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली (म्हणून त्या तारखेला जागतिक आरोग्य दिन), त्यात व्याख्या दिलीय की नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिकदृष्ट्या संपूर्ण चांगली स्थिती म्हणजे आरोग्य. आम्ही कॉलेजात घोकलीय. आता त्यातला तो 'संपूर्ण' शब्द बघा. त्या हिशोबाने हार्बर लाईनवर रोज प्रवास करणारा एक तरी माणूस निरोगी निघेल का? माझ्या तर दाढेत किडलंय आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण आहे, म्हणजे शारीरिक पण गेलं आणि सामाजिक पण.

२०११ मधे डच डॉक्टर माख्तेल्ड ह्यूबर आणि बरोबरच्या लोकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे हेच मांडलं, की अशाने सगळं जग कायमचं आजारी ठरतं आणि साठीनंतर एखादा जुना आजार घेऊन नीट जगणाऱ्यांचं काय करायचं. त्यांचं म्हणणं, आलेल्या परिस्थितीशी जुळवून घेता येणं आणि स्वतःचं स्वतः सांभाळता येणं, याला आरोग्य म्हणा. या मापाने धागाकर्त्यांच्या आई हिरव्यात आणि मुलगा... जाऊ दे.

स्लाईडवाली

वाशीत लॅबमधे १९ वर्षं काढलीत, डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. त्यामुळे औषधपाणी सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते कारण रोज लोक काउंटरवर रडकुंडीला आलेले बघते.

पहिली गोष्ट, ८४ टेस्ट हा आकडा फुगवलेला असतो. सीबीसी नावाची रक्तपेशींची एकच तपासणी, एकच जांभळ्या झाकणाची नळी, पण त्यात वीसेक ओळी छापून येतात आणि प्रत्येक ओळ एक टेस्ट मोजतात. कोलेस्टेरॉलचे दोन आकडे एकमेकांनी भागून काढलेला रेशो, ती पण वेगळी टेस्ट.

दुसरी, ती शेजारी छापलेली नॉर्मल रेंज. बऱ्याच टेस्टसाठी ती अशी ठरते की भरपूर निरोगी लोकांचं रक्त तपासायचं, मधले ९५ टक्के घ्यायचे आणि दोन टोकांचे अडीच अडीच टक्के बाहेर ठेवायचे. म्हणजे मुळातच वीस धडधाकट माणसांतला एक रेंजच्या बाहेर पडणार. एका माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर निदान एक तरी लाल यायची शक्यता ६४ टक्के होते. ८४ केल्यात तर एकही लाल न येणं हीच बातमी. अकरापैकी बऱ्याचशा गोष्टी काठावरच्या असतील, आरामात घ्या.

पण (हा पण महत्त्वाचा) एचबीए१सी त्यातला नाही. त्याच्या रेषा धोका बघून आखल्यात, ५.७ पासून प्री-डायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्यात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते हा आकडा सांगतो. आणि म्हणूनच लाल पेशींचंच गणित बिघडलं असेल तर तो चकवतो. अंगात लोह कमी असलं की साखर तेवढी नसताना पण आकडा थोडा वर दिसू शकतो. तेव्हा आईंचं हिमोग्लोबिन किती आलंय ते आधी सांगा.

सॅटिसखालचा

@स्लाईडवाली शोधायला लागलं, सहाव्या पानावर आहे. हिमोग्लोबिन ९.६. एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ७१. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ८. तिन्ही लाल आहेत पण पहिल्या पानावर यांचं नाव नाही, तिथे फक्त साखर.

स्लाईडवाली

अहो! मग साखरेचं राहू द्या बाजूला. बायकांना १२ च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, ९.६ म्हणजे काठावरचं नव्हे. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं लोह एवढं कमी, म्हणजे रक्त कुठून हळूहळू जातंय का ते डॉक्टरांनी बघायलाच हवं. या आठवड्यात न्या. घाबरवत नाहीये, पण बीट-खजूर सुरू करून बसू नका.

आणि पहिल्या पानावर साखरच का, ते बटण बघून कळलं असेल तुम्हाला.

खोपटचा_काढा

मी वैद्य आहे, खोपटला प्रॅक्टिस. ताईंनी रिपोर्ट फार छान समजावला, मीही हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आमच्याकडे सुश्रुतांनी स्वस्थ कोणाला म्हणायचं ते सांगून ठेवलंय. दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया सम असाव्यात, आणि पुढचा अर्धा भाग लोक विसरतात, आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असावं. म्हणजे भूक वेळेवर लागते का, पोट साफ होतं का, झोप लागते का, आणि चेहरा कसा आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःमधे स्थित. यात आकडा एकही नाही, पण प्रश्न विचारायला वीस मिनिटं लागतात. रिपोर्ट वाचायला दोन. आताशा पेशंट नाडी बघायला हात पुढे करतो आणि दुसऱ्या हाताने घड्याळावरचा पल्स दाखवतो.

उपवन_पहाटे

वैद्यबुवा, माझी भूक, झोप, पोट सगळं सम होतं. प्रेशर १७८.

खोपटचा_काढा

मान्य. म्हणून माझ्या टेबलावर पण प्रेशरचं यंत्र आहे. भांडण लावू नका हो काका.

आकडेमोड

मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस, त्यामुळे वेलनेस स्कोअर वाचूनच हात शिवशिवले. असल्या स्कोअरात अर्ध्याहून जास्त भार बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) असतो असा माझा संशय, आणि बीएमआयची कुंडली मजेशीर आहे. काढला बेल्जियमच्या आडोल्फ केतले नावाच्या गृहस्थाने १८३० च्या दशकात. हा खगोल आणि संख्याशास्त्राचा माणूस, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं, एकेकाची तब्येत बघायची नव्हतीच. बीएमआय हे नाव दिलं अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मधे, ते पण लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. आता तेच माप तुमच्या एचआरच्या अ‍ॅपमधे तुमच्यावर.

यातला सगळ्यात भारी किस्सा पुण्याचा आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघांचा फोटो २००४ मधे लॅन्सेटमधे छापून आला. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक. आपण लोक बारीक दिसतो पण आतून तुपट, म्हणून भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरायचं आणि २५ पासून लठ्ठपणा असं २००९ मधे इथल्या तज्ज्ञांनी ठरवलं. जगाला २५ आणि ३०.

त्यापेक्षा नाड्याची टेस्ट करा. आपल्या उंचीएवढा नाडा कापायचा, दुमडून अर्धा करायचा, तो अर्धा नाडा पोटाभोवती पुरला पाहिजे. नाही पुरला तर पोट जास्त. फुकट आहे, घराण्याला चालेल.

आणि १०,००० पावलं, ती पण कुठल्या डॉक्टरने सांगितलेली नाहीत. १९६५ च्या सुमारास जपानमधे पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मीटर' अशा अर्थाचं. नाव चिकटलं. २०१९ मधे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, त्यात २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बऱ्याच कमी दगावल्या, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. आईंच्या वयाचंच आहे म्हणून सांगितलं.

पामबीच_पेसर

पावलांना नावं ठेवू नका बुवा, मी घड्याळाच्या जोरावर ९४ वरून ७८ किलोवर आलोय. आकडा दिसला नसता तर मी आजही पाम बीच रोड फक्त गाडीतून बघितला असता.

पण झोपेचा स्कोअर मात्र बंद केला. सकाळी छान जाग यायची, फ्रेश, मग घड्याळ बघायचो, ५२. लगेच अंग जड. बायको म्हणाली तुला झोप लागली का नाही हे त्या घड्याळाला काय विचारतोस. नंतर कळलं हा पण एक प्रकार आहे, घड्याळाच्या स्कोअरपायी झोप उडणारे, त्यावर डॉक्टरांनी लिहिलंय पण. गाढ झोप किती आणि स्वप्नाची किती, हे मनगटावरून अंदाजाने काढतात, डोक्याला तारा लावून मोजतात तसं ते नव्हे.

तलावपाळी_रात्री

इथे माझं सांगते. आयडी नवीन आहे, मुद्दाम.

दोन वर्षांपूर्वी माझे सगळे रिपोर्ट हिरवे होते. थायरॉईड, बी१२, डी, सगळं. आणि मला सकाळी ब्रश हातात घ्यायला पाऊण तास लागायचा. ऑफिस सुटलं की घरी न जाता तलावपाळीला बसून राहायचे, भेळवाले गाडे आवरेपर्यंत. घरचे म्हणायचे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, नाटकं बंद कर. एकाने गमतीत म्हटलं, ठाण्यालाच राहतेस, लांब जायला नको. (बाहेरच्यांसाठी, इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि अख्ख्या महाराष्ट्राचा हा विनोद आम्ही ठाणेकर जन्मापासून ऐकतो. कोणाच्या घरात खरंच कोणी आजारी असेल तेव्हा तो कसा लागतो हे त्या दिवशी कळलं.)

शेवटी एका डॉक्टरणीने पाच प्रश्नांचा कागद दिला, डब्ल्यूएचओ-५ म्हणतात. मागच्या दोन आठवड्यांत आनंदी वाटलं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, उठताना ताजंतवानं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५, बेरीज करून चारने गुणायची. माझे आले १६. ५० च्या खाली आलं की पुढे नीट तपासा असा संकेत. मी तो कागद बघून रडले, पण बरं वाटून रडले, कारण पहिल्यांदा कुठल्या तरी आकड्याने माझं म्हणणं खरं धरलं होतं. त्यामुळे आकड्यांना सरसकट शिव्या नको घालू. कुठला प्रश्न विचारला यावर असतं सगळं. आता बरी आहे, औषध आणि बोलणं दोन्ही चालू आहे. कोणाला लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नलू_नेरुळ

@तलावपाळी_रात्री लिहिलंस ते फार बरं केलंस गं. 🙏

पारसिक_बोगदा

वरचा ठाण्याचा विनोद मी पण मारत आलोय. सॉरी.

हमालाचा_पोरगा

सगळं वाचतोय. आमचे अण्णा वाशीच्या मार्केटात माथाडी होते, कांदा बटाटा. तीस वर्षं पन्नास किलोच्या गोण्या वाहिल्या. त्यांच्याकडे तब्येत मोजायला एकच माप, सकाळी गाडी लागली की उठून पाठ लावता येते का. येते तर बरा. नाही येत तर त्या दिवशी आजारी, आणि आजारी म्हणजे हजेरी नाही. ताप १०१ असला तरी ते आजारी नव्हते. मान वाकडी झाली होती, मणक्यात गॅप, गुडघे गेले, पण 'कसं काय अण्णा' विचारलं की 'एकदम ओके'.

तुमची अ‍ॅपं बिपं, स्कोअर, हे त्यांना दाखवलं असतं तर पावलांमधे ते रोज पहिले आले असते. वाहणाऱ्याची पावलं आणि सागर विहारला फिरणाऱ्याची पावलं मशीनला सारखीच दिसतात. लंडनच्या सरकारी ऑफिसांमधला एक अभ्यास वाचलाय, व्हाईटहॉल म्हणतात, १९६७ ला सुरू झाला. सगळे पगारी, सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट, तरी जसजसा हुद्दा खाली तसतसा हार्टने मरण्याचा आकडा वर. सिगरेट, प्रेशर, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी पूर्ण फरक भरून निघेना. मायकेल मार्मट नावाच्या माणसाने जन्मभर हेच मांडलं. तेव्हा तो वेलनेस स्कोअर काढताना तुमचा साहेब कसा आहे, घर स्टेशनपासून किती लांब आहे, हे पण विचारा म्हणावं एचआरला.

आकडेमोड

जबरी प्रतिसाद. कडक.

मोखाडा_रिटर्न

मी जव्हार-मोखाड्याला अंगणवाडी पर्यवेक्षिका होते (तेव्हा सगळा ठाणे जिल्हाच होता, पालघर २०१४ ला वेगळा झाला), आता कळव्याला असते. आमच्याकडे मशीन नव्हतं, पोराच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी होती. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवा, मधे पिवळा. दहा सेकंदांत कळायचं. आयांना मात्र ते पटायचं नाही, "खेळतंय की, काय झालंय त्याला, आमची सगळी अशीच असतात." आणि खरंच, पाड्यावरची सगळी पोरं तशीच असली की तेच नॉर्मल दिसतं.

बायकांचं तर विचारू नका. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली की आत पांढरी फटक. विचारलं तर "मला काय होतंय". देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या सर्व्हेत १५ ते ४९ मधल्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त जणींना जे आहे ते आजार वाटेल तरी कसं? अमर्त्य सेन यांनी २००२ मधे यावर लिहिलं होतं. केरळात माणसं सगळ्यात जास्त जगतात आणि आजार पण तेच सगळ्यात जास्त सांगतात. बिहारात आयुष्य कमी, पण विचारलं तर आजाराची तक्रार सगळ्यात कमी. अमेरिकेत तर केरळपेक्षाही जास्त तक्रारी. ज्याला डॉक्टर, शाळा, माहिती मिळते त्याला आपलं दुखणं ओळखता येतं, आणि ज्याला नाही मिळत तो म्हणतो बरा आहे.

धागाकर्ते, आईंना 'कशी आहे तब्येत' विचारू नका, त्याला उत्तर ठरलेलं असतं. मी बायकांना दुसरंच विचारायचे: गेल्या वर्षी करत होतीस आणि आता करत नाहीस असं काय आहे? ते विचारून बघा, आणि उत्तर यायला वेळ द्या.

आकडेमोड

@मोखाडा_रिटर्न यात एक उलटी गंमत पण आहे. 'एकंदर तुमची तब्येत कशी आहे' हा एकच प्रश्न, उत्तम ते वाईट असं उत्तर, आणि पुढच्या वर्षांत कोण दगावणार याचा अंदाज त्यावरून बराच चांगला येतो, बाकी तपासण्या हिशोबात धरल्या तरी. १९९७ मधे २७ अभ्यास एकत्र करून हे दाखवलंय. म्हणजे माणसाला आतून कळतं. फक्त एका गावातली उत्तरं दुसऱ्या गावाशी तोलायला गेलं की तुम्ही म्हणताय तो घोळ होतो. देशांच्या आनंदाच्या यादीचं तेच. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यापुढे आणा आणि तुम्ही कुठे उभे ते सांगा, एवढ्यावर फिनलंड २०१८ पासून पहिला.

पारसिक_बोगदा

ठाणे स्टेशनचा जिना सोडून दुसरी शिडी डोळ्यापुढे येत नाही.

उपवन_पहाटे

शिडी राहू द्या. @सॅटिसखालचा, आईंना डॉक्टरकडे नेलं का?

सॅटिसखालचा

नेलं. सविस्तर लिहितो, उशीर झाला कारण आठवडा त्यातच गेला.

आधी मोखाडा ताईंचा प्रश्न विचारला. शनिवारी दुपारी, आई कुळीथ निवडत होती. म्हटलं गेल्या वर्षी करायचीस आणि आता बंद झालं असं काय आहे गं. आधी 'काही नाही' आलं. मग पाच मिनिटांनी खाली मान घालून म्हणाली, टीएमटी बसची पायरी फार उंच केलीय हल्ली. म्हटलं म्हणजे? तर कौपिनेश्वरला दर सोमवारी जायची ती श्रावणापासून गेलेलीच नाही. आम्हाला सांगायची घरूनच नमस्कार केला, ऊन फार आहे. गडकरीला नाटकाला मावशी बोलवते तर 'आजकालची नाटकं बरी नसतात', खरं म्हणजे तिकीट बाल्कनीचं असतं आणि जिना चढवत नाही. जमिनीवर बसून करायचं सगळं ओट्यावर आलंय. एकेक गोष्ट तिने अशी काही गुपचूप काढून टाकलीय की जे उरलं त्यात ती ठणठणीतच आहे. आणि आम्ही एका घरात राहून बघतोय की आई पाचला उठते.

सोमवारी नौपाड्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी १७ पानी पीडीएफ बाजूला ठेवला आणि आधी तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजलं. आठ. तिच्या वयाच्या बाईला दहा तरी यायला हव्यात म्हणाले. मग विचारलं, "काकू, गुडघ्याला काय घेता?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग पर्समधून काढल्या, दुखण्याच्या गोळ्या, चार पाकिटं, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून, रोज दोन, कधी उपाशीपोटी पण, आठ-नऊ महिने. घरात कोणालाच माहीत नाही.

मग सगळं एका ओळीत आलं. गुडघे दुखतात म्हणून गोळ्या, त्यांनी पोटात जखम आणि हळूहळू रक्त जाणं (दुर्बिणीने बघितलं, जठरात व्रण आहे, बाकी काही वाईट नाही), त्यामुळे लोह कमी, त्यामुळे दम, आणि तो साखरेचा आकडा पण कदाचित त्यामुळेच वर. हिमोग्लोबिन सुधारल्यावर परत करायचा आहे. प्रेशर तिथे १५८/९० निघालं. त्या गोळ्या प्रेशरही वाढवतात म्हणे. आठवडाभर घरी मोजायला सांगितलंय, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला, न बोलता. न बोलता हे आईला जमत नाहीये. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बघू म्हणाले.

उपवनकाका, तुम्ही बरोबर होतात. स्लाईडवाली ताई, तुमचे तर आभार कसे मानू, सहावं पान मी उघडलंच नसतं. गुडघ्यांसाठी फिजिओ सुरू होतोय.

उपवन_पहाटे

वाचून हुश्श झालं. ती केमिस्टची गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. चिठ्ठी न बघता कोणीही काहीही देतं.

मोखाडा_रिटर्न

टीएमटीच्या पायरीवरनं सांगितलं ना त्यांनी. नेहमी असंच कुठल्या तरी पायरीपासून सुरू होतं. आईंना नमस्कार सांगा.

तलावपाळी_रात्री

सोमवारी रिक्षाने न्या त्यांना कौपिनेश्वरला. मी असते तिथे समोरच. :)

पारसिक_बोगदा

नाडा कापला. अर्धा नाही पुरला. उंची मोजताना केस धरायचे का? केस बरेच उभे राहतात माझे.

आकडेमोड

@पारसिक_बोगदा नाही.

स्लाईडवाली

@सॅटिसखालचा एक राहिलं. लोहाच्या गोळ्या चहासोबत देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. मधे निदान तासभर जाऊ द्या. आणि शौचाला काळं झालं तर गोळीचं असू शकतं, पण त्यांच्या पोटात जखम आहे तेव्हा डॉक्टरांना कळवा, स्वतः ठरवू नका.

सॅटिसखालचा

नोंद केली. बायकोने कालच अर्धा चमचा साखर परत चालू केली होती, आता गोळीपायी सकाळचा पहिला चहाच तासभर पुढे. पाचला उठणाऱ्या बाईला हे सांगायचंय. या वेळी निरोप पोचवत नाही, मीच जाऊन सांगतो.